दुर्बिणीतून काढलेली काडी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी. हे मिरवायला सांगत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मिरवायलाच सांगते. रत्नागिरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, मग बी.एड. केलं आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तेव्हापासून आमच्या घरात कोणाला शिंक आली तरी तिचं कारण मला विचारलं जायचं. मी दिलेलं उत्तर कोणी ऐकत नसे, तो भाग वेगळा. विचारायचे मात्र मलाच.

त्यामुळे दुर्बिणीचा प्रश्नही माझ्याकडेच आला.

नव्वदचं दशक संपता संपता गावातल्या एकदोन दवाखान्यांवर पाट्या लागल्या होत्या, ‘येथे दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केल्या जातात.’ आईच्या पित्ताशयात खडे झाले आणि आम्ही तिला घेऊन अशाच एका पाटीखाली जाऊन उभे राहिलो. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पाटी सावकाश वाचली. शाळा त्याने लवकर सोडलेली, पण पाटी वाचायची तर पूर्ण वाचायची ही त्याची सवय.

“बाय, दुर्बीण लांबचं बघायची असते ना? बंदरावर लावतात ती?”

“होय.”

“मग हा डॉक्टर काय समोरच्या गच्चीत बसून आईचं ऑपरेशन करणार?”

मी त्याला समजावून सांगितलं. पोटाला बारीक छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा आत घालतात, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. डॉक्टर पडद्यावर बघून काम करतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोट उघडत नाय, तर आतलं बाहेर येणार कुठून?”

आलं ते. बेंबीजवळच्या छिद्रातून पित्ताशय बाहेर आलं, आणि आई इतक्या लवकर घरी आली की शेजारणींना वाटलं डॉक्टरांनी परत पाठवली. पोटावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. पण डॉक्टरांनी खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले होते. ती बाटली आईने बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवली, आल्यागेल्याला दाखवता यावी म्हणून. चहाच्या आधी बाटली यायची. पाहुणे कपाकडे बघायचे, बाटलीकडे बघायचे आणि चहा अर्धाच पिऊन उठायचे.

दुर्बिणीवर आमच्या घराचा विश्वास बसला तो असा, बाटलीमुळे.

दादाची कातळावर कलमांची रोपवाटिका आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आंब्याच्या कोयीतून आलेलं कोवळं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, त्या चिरेत चांगल्या हापूसची काडी खोचायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. मूळ कोणाचंही असो, वर हापूस होतो. पावसाळ्यात हे काम चालतं, आणि त्या दिवसांत दादा माणसांशी कमी आणि काड्यांशी जास्त बोलतो.

माझ्या लग्नात त्याने मला एक कलम दिलं होतं. सासरच्या परसात दगडी गडग्याच्या कडेला ते लावलं आणि ते असं काही वाढलं की आळीत त्याच्यासारखं झाड नाही. मग काय, दर पावसाळ्यात दादा कात्री घेऊन हजर. मला हाक नाही, सासूबाईंना नमस्कार नाही, सरळ परसात जाऊन काड्या काढायला सुरुवात. पिशवी भरली की मग घरात येऊन चहा मागायचा. “झाड कोणी दिलं?” हे त्याचं एकमेव स्पष्टीकरण.

असा हा माणूस पिवळा पडला.

सुरुवातीला कावीळ म्हणून गावच्या रिवाजाप्रमाणे औषधी झाडाच्या मुळ्यांची माळ डोक्यावर घातली. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत खाली येते, असं म्हणतात. माळ इमानाने वाढली, गळ्यात आली, छातीवर आली, बेंबीपर्यंत पोचली. कावीळ होती तिथेच. मी म्हटलं, “दादा, मुळ्या सुकल्या की दोरा सैल पडतो, म्हणून माळ वाढते.” तो म्हणाला, “ते कळलं. पण आता ती गुडघ्यापर्यंत येते का बघूया.”

मग तपासण्या झाल्या. काविळीचा एक प्रकार असा असतो की तो रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि यकृत सुकवत नेतो. दादाचं तेच झालं होतं. पण गावाला हे कोण सांगणार? यकृत गेलं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटली येते, आणि ती आईच्या फळीवरची नव्हे. “घेत होता वाटतं,” असं आडून आडून कानावर यायचं. दादाने आयुष्यात कोकम सरबतापलीकडे काही घेतलेलं नाही. तो वहिनीला म्हणाला, “बदनामी झालीच आहे, तर एकदा घेऊन तरी बघतो.” वहिनी हसली नाही. तिने त्याच्यापुढचं सरबतही उचलून नेलं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी एक दिवस आम्हाला बसवून सरळ सांगितलं. यकृत बदलावं लागेल, नाहीतर वेळ फार नाही. घरातल्या कोणी आपल्या यकृताचा भाग दिला तर बरं. देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा भरून येतं. वहिनीने लगेच हात पुढे केला, तिचा रक्तगट जुळेना. आईने आपला हात पुढे केला, डॉक्टरांनी तो हातात घेऊन थोपटला आणि खाली ठेवला. उरले मी. माझा रक्तगट दादाचाच. शाळेत मुलांना रक्तगट शिकवताना मी नेहमी उदाहरण म्हणून आमच्याच घरचे सांगायचे, त्यामुळे शोधायलाही लागलं नाही.

दादा म्हणाला, “नाय.”

“का?”

“भावाने बहिणीला द्यायचं असतं. बहिणीने भावाला नाय. भाऊबीजेला ताटात कोण घालतो? मी. उद्या तू काळीज घालशील तर मी काय घालू? फुफ्फुस?”

आमच्याकडे यकृताला काळीजच म्हणतात, आणि मायेलाही काळीजच. त्यामुळे हा वाद घरात चालला की बाहेर ऐकणाऱ्याला वाटायचं, ही भावंडं एकमेकांची किती स्तुती करतायत. प्रत्यक्षात आम्ही कडाकडा भांडत होतो. मी त्याला आकृत्या काढून दाखवल्या. यकृताचा उजवा भाग, डावा भाग, रक्तवाहिन्या. तो आकृती उलटी धरून म्हणायचा, “हा नकाशा कोणत्या तालुक्याचा?”

आमचे हे एसटीच्या डेपोत कामाला. मला जायचं असेल तर जा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते देवाला न सांगता देवळात जाऊ लागले होते. म्हणजे आम्हाला न सांगता. देवाला सांगितलं असणारच.

आठवडे जात राहिले. दादाच्या पोटात पाणी साचायला लागलं, पाय सुजले. वहिनी सकाळी त्याच्या पायावर बोट दाबायची आणि खड्डा भरून येईपर्यंत बघत उभी राहायची. तिने मला एकदाच म्हटलं, “वन्सं, ते माझं ऐकत नाहीत. तुमच्याशी निदान भांडतात तरी.”

म्हणून मी भर पावसात रोपवाटिकेत गेले. दादा शेडखाली खुर्चीत बसून होता. पट्टी बांधण्याचं काम दोन बायका करत होत्या आणि तो नुसता बघत होता, हे मला बघवेना. मी विषय काढणार इतक्यात तोच म्हणाला, “बाय, तुझ्या झाडाच्या काड्या आणायच्यात. मला चढण जमणार नाय. कोणाला तरी पाठवतो उद्या.”

“कोणाला विचारून?”

“म्हणजे?”

“म्हणजे झाड माझ्या परसात आहे. मी पाणी घातलं, मी शेण घातलं, माझ्या सासूबाईंनी त्याच्यावरून शेजाऱ्यांशी भांडण केलं. काड्या नेताना तू एकदा तरी विचारलंस?”

“काडीला कोण विचारतं? काडी मागायला लाज नसते आणि द्यायला हिशेब नसतो. सगळ्या कोकणात हेच चालतं.”

“आणि झाडाचं काय होतं?”

“काय होणार? जिथे काडी काढली तिथे पुढल्या पावसाळ्यात दोन फुटवे येतात. उलट झाड भरतं.”

एवढं बोलला आणि थांबला. कात्री कुठे चालली ते त्याला कळलं. हुशार आहे तो. फक्त पदवी नाही.

मी म्हटलं, “इतकी वर्षं बहिणीच्या परसातून नेतोयस. तेव्हा भाऊबीज आठवली नाही.”

पट्टी बांधणाऱ्या बायका खाली मान घालून हसायला लागल्या. दादाने शेजारचं एक कलम उचलून त्याची पट्टी चाचपून बघितली.

“काळीज परत भरतं म्हणतेस. पुस्तकात आहे?”

“आहे.”

“बीएस्शीच्या?”

“बी.एस्सी.च्या.”

“बरं. पण दुर्बिणीतून होणार असेल तरच. आईचं झालं तसं. तुझं पोट आडवंउभं फाडून मला जगायचं नाय. हे शेवटचं.”

हे शेवटचं म्हणताना त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. मी होय म्हणून आले, आणि वाटेत रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की यकृत देणाऱ्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं की नाही हे मला मुळीच ठाऊक नाही. बी.एस्सी.च्या पुस्तकात ते नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी चौकशी केली. सगळीकडे होत नाही, म्हणाले, अगदी नवीन आहे, मोजक्या ठिकाणी सुरू झालंय, आणि तेही अर्धं दुर्बिणीतून आणि अर्धं हाताने. त्यातलं एक ठिकाण केरळात होतं. रत्नागिरीचा माणूस मोठा आजारी पडला की मुंबईची गाडी पकडतो. आम्ही गणपती विसर्जन करून समोरच्या फलाटावर गेलो आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. आईला मागे ठेवलं. ती म्हणाली, “दोघं जाताय, दोघं या,” आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागली.

केरळातले सर्जन मध्यमवयीन, हळू बोलणारे. मी इंग्रजीत विचारायचं, ते इंग्रजीत सांगायचे, मी दादासाठी मराठी करायचं. या कामासाठी माझी पदवी पहिल्यांदाच सगळ्यांना मनापासून उपयोगी वाटली. त्यांनी कागदावर एक पोट काढलं. नेहमीच्या पद्धतीत देणाऱ्याला छातीच्या हाडाखालून उभी चीर आणि तिथून उजव्या बरगड्यांखाली वळलेली दुसरी, अशी मोठी चीर पडते. नव्या पद्धतीत आधी बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं घालून यकृत आजूबाजूच्या पडद्यांपासून सोडवून घ्यायचं. मग बेंबीच्या वर तळहाताएवढी उभी चीर द्यायची. तेवढ्यातूनच यकृत विभागायचं आणि उजवा भाग बाहेर काढायचा. बरगड्यांखालचे स्नायू कापावे लागत नाहीत, म्हणून दुखणं कमी आणि पोट लवकर सावरतं.

दादाने मला सांगितलं, “विचार त्यांना, लांबून बघणार की जवळून?”

मी विचारलं. सर्जन हसले. कॅमेरा अगदी जवळ नेतो, म्हणाले, पडद्यावर सगळं कितीतरी मोठं दिसतं.

“म्हणजे ही दुर्बीण नव्हेच,” दादा म्हणाला. “हे भिंग झालं. बाय, तुम्ही शिकलेली माणसं इतकी वर्षं पाटीवर चुकीचं लिहिताय.”

शब्द खरंच चुकीचा आहे. विज्ञानाची शिक्षिका असून माझ्या ते कधी डोक्यात आलं नव्हतं. अजूनही कुठे ती पाटी दिसली की मी मनात ‘भिंगाद्वारे’ अशी दुरुस्ती करते.

पण सर्जनांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आत गेल्यावर रक्तस्राव झाला किंवा पित्तनळ्यांची रचना अडचणीची निघाली, तर मी क्षणही न दवडता मोठी चीर घेईन. निरोगी माणसाला मी टेबलावर झोपवतो आहे. तिची चीर लहान असणं ही चांगली गोष्ट आहे, ती सुखरूप असणं ही अट आहे.

हे मराठीत करताना माझी जीभ अडखळली. दादाची अट मला ठाऊक होती. पण वाक्य जसं होतं तसं सांगितलं. दादाने कागद जवळ ओढला आणि त्यावरच्या चिरेवरून बोट फिरवलं.

शेवटी तो म्हणाला, “काडी आडव्या फांदीत असली तर मीपण मोठी कात्री घेतो. लहान कात्रीच्या हट्टापायी काडी चिरडली तर झाडही दुखावतं आणि कलमही लागत नाय.” मग मला म्हणाला, “सांग त्यांना, बरोबर बोलताय म्हणावं. माझ्या अटीपेक्षा त्यांची अट बरी आहे.”

मी ते इंग्रजीत कसं सांगितलं ते विचारू नका. कात्री आणि काडीपर्यंत ठीक होतं, कलमाला मी अडले. सर्जनांनाच काय ते समजलं. त्यांच्याकडेही आंबे होते.

मग माझ्या तपासण्या झाल्या आणि आमच्या घराण्याची इज्जत गेली. माझ्या यकृतावर चरबी निघाली. वजन उतरवल्याशिवाय घेता येणार नाही, म्हणाले. दादा पाणी साचलेल्या पोटावर हात ठेवून इतका हसला की वहिनीला भीती वाटली. “बीएस्शीचं काळीज तुपकट निघालं,” हे वाक्य त्याने रत्नागिरीला फोन करून आईलाही ऐकवलं.

रुग्णालयाजवळ एक खोली घेऊन आम्ही राहिलो. मला भात, नारळ आणि तळलेलं बंद. दादाला मीठ बंद. खाली खानावळीत माशाची आमटी शिजायची, आमच्याकडे कोकम घालतात तसं तिथे त्याच्याच भावकीतलं कसलंसं आंबट घालतात, आणि त्याचा वास जिन्यावरून वर यायचा. वहिनी बिचारी खाली जाऊन जेवायची आणि वर येताना तोंड धुऊन यायची, आपण काही खाल्लंच नाही अशा चेहऱ्याने. मी सकाळ-संध्याकाळ चालायचे. चालून आले की दादा विचारायचा, “किती उतरलं?” मी सांगायचे. तो म्हणायचा, “म्हणजे माझ्या वाटणीचंच उतरलं. घाई कर पण, माझ्याकडे काय तेवढा वेळ नाय.” हे तो हसूनच म्हणायचा. वहिनी तेवढ्यात खिडकीशी जाऊन उभी राहायची.

भाऊबीज त्या खोलीतच झाली. रुग्णालयातून आणलेल्या स्टीलच्या थाळीत मी निरांजन ठेवलं आणि त्याला ओवाळलं. त्याचे डोळे तोवर हळदीसारखे झाले होते. ताटात काय घालायचं म्हणून तो इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पुढल्या वर्षीपासून तुझ्या झाडाच्या काड्या विचारून काढीन. ही ओवाळणी.”

“एवढीच?”

“माझ्यासाठी फार आहे ती.”

पुढल्या वर्षी, हे शब्द त्याच्या तोंडून मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. मी थाळी उचलून कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड करून. निरांजन विझू नये म्हणून नव्हे.

ऑपरेशनच्या आधी एका समितीपुढे जावं लागतं. देणारा राजीखुशीने देतोय ना, हे ते तपासतात. मला एकटीला बसवून विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव आणला आहे का? मी म्हटलं, “आणला आहे. मी. भावावर.” समितीतल्या बाई लिहिता लिहिता थांबल्या. मग त्यांनी मला समजावलं की मी कधीही, अगदी शेवटच्या क्षणीही माघार घेऊ शकते आणि कारण कोणालाही सांगितलं जाणार नाही. आमचे हे रजा काढून आले होते, ते बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना हे सांगितल्यावर म्हणाले, “आमच्याकडे गाडी स्टँड सोडेपर्यंत उतरता येतं. त्यानंतर नाही.” आणि माझी पिशवी उगाचच आपल्या मांडीवर घेतली.

त्या सकाळी आधी मला नेलं. स्ट्रेचर दादाच्या खोलीसमोरून गेलं तेव्हा तो दाराशी उभा होता, भिंतीला धरून. चेष्टा केल्याशिवाय त्याला निरोप देता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी वाट बघत होते.

“बाय,” तो म्हणाला, “आत गेल्यावर पहिलं त्यांना काच पुसायला सांग.”

मी सांगायचं विसरले. भूल फार लवकर चढली.

जाग आली तेव्हा आधी दुखणं आलं आणि मागून मी आले. लहान छिद्र म्हणजे लहान ऑपरेशन, असं ज्याला वाटतं त्याने माझ्याकडे यावं, मी त्याला नीट समजावून सांगेन. आत जे कापलं ते तेवढंच कापलं होतं. वरून फक्त दार लहान ठेवलं होतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी भिंत न धरता चालले, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई, जिने आपल्या नवऱ्याला जुन्या पद्धतीने दिलं होतं, ती खोकला आला की उशी पोटाशी धरायची. तेव्हा दार लहान असण्याची किंमत कळली.

जाग आल्यावर वहिनीने माझ्या कानाशी येऊन फक्त एवढंच सांगितलं होतं, “वन्सं, दुर्बिणीतूनच झालं.” तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन अजून चालूच होतं. तरी तिने आधी माझं सांगितलं.

दादाला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. मला आत जायची परवानगी नव्हती, जंतूंची भीती. मी सलाईनचा खांब ढकलत काचेपाशी जाऊन उभी राहिले. तो नळ्यांमध्ये गुंडाळलेला होता, अगदी नव्या बांधलेल्या कलमासारखा. तोंडावर काहीतरी लावलेलं, बोलता येत नव्हतं. त्याने मला पाहिलं. मग सावकाश दोन्ही हात वर केले, मुठी पोकळ केल्या आणि डोळ्यांना लावल्या. दुर्बीण.

मी तिथे हसले आणि टाके ओढले गेले. पोटावर हात दाबून हसणं तेव्हापासून मला जमतं.

कलम लागलं. डोळे हळूहळू पांढरे झाले. त्याची चीर मात्र भलतीच मोठी होती, बरगड्यांखालून दोन्हीकडे गेलेली आणि मध्ये वर टोक. तिथली सर्जन मंडळी तिला एका महागड्या परदेशी मोटारीच्या चिन्हाचं नाव देतात. हे कळल्यावर दादा खूश झाला. “मला मोटार मिळाली. तुला काय मिळालं? सायकलचं पंक्चर.”

रत्नागिरीला परतलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. माणसं बघायला यायची. दादाकडे जाऊन सदऱ्याची बटणं उघडून घ्यायची, ती मोटार बघायची आणि आवाज काढायची. मग माझ्याकडे यायची. बायका आत नेऊन पदर बाजूला करायला लावायच्या. बेंबीच्या वर तळहाताएवढी एक रेघ आणि इकडेतिकडे दोन-तीन टिंबं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग दिलंस ना खरंच?”

एका मावशीने तर वहिनीला बाजूला घेऊन विचारलं की त्या लोकांनी आपल्याला फसवून दुसऱ्याच कोणाचं तर घातलं नाही ना. आईसुद्धा दोन दिवस काहीतरी शोधत होती. शेवटी तिने विचारलंच, “गो, तुला बाटली नाय दिली?”

“आई, बाटलीतलं दादाच्या पोटात आहे.”

तिने जरा विचार केला. तेव्हापासून पाहुणे आले की ती फळीकडे जात नाही. थेट दादालाच हाक मारते, “ये रे इकडे, दाखव.”

मी शाळेत रुजू झाले तरी बरेच महिने जिना चढताना मध्ये थांबायचे. मग एका तपासणीत कळलं, माझं यकृत जवळजवळ पूर्ण भरून आलंय. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “फुटवे किती आले?”

त्याला मातीत हात घालायची बंदी होती. रोज औषधं, तोंडाला फडकं, गर्दीत जायचं नाही. तो शेडखाली खुर्चीतच बसायचा, पण आता बायकांच्या पट्ट्यांना नावं ठेवत बसायचा, म्हणजे बरा होता.

पाऊस सुरू झाला. एका सकाळी मी घरापुढच्या ओटीवर वह्या तपासत होते. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. दादा उतरला. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, आणि मोज्यात ती जुनी कात्री. मला वाटलं, आता नेहमीप्रमाणे सरळ परसात जाईल. तो गेलाही, गडग्यापर्यंत. झाडाखाली जाऊन वर बघितलं. मागच्या वर्षी त्याच्या माणसाने काड्या काढल्या होत्या तिथे सगळीकडे नवी पानं फुटली होती, कोवळी, तांबूस.

मग तो मागे फिरला, ओटीपर्यंत आला आणि पायरीखाली उभा राहिला.

“बाय, काड्या हव्यात. काढू का?”

सासूबाई आतून बाहेर आल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी वही मिटली. घसा साफ केला, आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, “काढ. पण दुर्बिणीतून काढ. झाडाला मोठी चीर नको.”

“भिंगातून,” तो म्हणाला, आणि कात्री घेऊन परसात गेला.